पॅकिंगची चिठ्ठी

न्हावऱ्यात, म्हणजे सासरी, रुपालीला सगळे 'कंप्युटरवाली' म्हणत. काही कौतुकानं म्हणत, काही नाक मुरडून. ती मूळची कवठे येमाईची. आजोबांच्या काळात मेंढरं विकून घर एका जागी बसलं, वडिलांनी कांदा-बाजरी धरली, आणि ही पोरगी थेट शिरूरच्या कॉलेजात जाऊन बी.सी.एस. होऊन आली. लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "पोरगी कंप्युटरवर करती काय नेमकं?" वडिलांना तरी कुठं ठाऊक! "बटनं दाबती," ते म्हणाले. एवढ्यावर बैठकीचं समाधान झालं आणि सुपारी फुटली.

नवरा रविराज रांजणगावच्या एमआयडीसीत, बॅटऱ्या बनवणाऱ्या एका कंपनीत लाईनवर होता. लग्नानंतर त्याच कंपनीत रुपालीला ईडीपीत, म्हणजे कंप्युटरच्या खोलीत, नोकरी लागली. खोली काचेची, थंडगार; चपला बाहेर काढून आत जायचं. रविराज चिडवायचा, "चालली का देवळात?" माणूस तसा फार गमत्या. कंपनीच्या बसमध्ये तो असला की कुणाला डुलकी काढायची सोय नसे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं सगळ्यात आधी गेलं ते त्याचं हसणं.

बॅटरी म्हटलं की शिसं आलं. रविराज पेस्टिंगला होता. शिशाचा ओला लगदा जाळ्यांवर थापायचा आणि वाळवायचा, तो विभाग. वाळला की त्याची पूड उडते, आणि ती श्वासातून, हातातल्या घासातून अंगात जाते. म्हणून कंपनी ठरावीक महिन्यांनी कामगारांचं रक्त तपासून घेई. शिसं जास्त निघालं तर त्या माणसाला पेस्टिंगवरून उचलायचं आणि रक्त सुधारेपर्यंत पॅकिंगला बसवायचं. नियम चांगलाच होता. पण उचलायचं कुणाला, हे आधी सुपरवायझर ठरवायचे. मग काय, मर्जीतला पॅकिंगला आणि तोंड वर करून बोलणारा पेस्टिंगला, असले धंदे सुरू झाले. त्यावरून लाईन बंद पडेपर्यंत भांडणं झाली. शेवटी युनियन आणि मॅनेजमेंट दोघांनी एक गोष्ट कबूल केली, की हे माणसानं ठरवायचंच नाही, मशीन ठरवेल. गेटवर कार्ड पंच केलं की चिठ्ठी बाहेर यायची. आज कुठल्या विभागात जायचं, ते तिच्यावर छापलेलं. चिठ्ठीवर वाद घालायचा नाही. सुपरवायझरनं चिठ्ठी बघायची, माणसाच्या तोंडाकडं बघायचं नाही. कामगारांना हा आपला मोठा विजय वाटला होता, आणि तेव्हा तो होताही.

चिठ्ठीचं हे सगळं काम लिहिलं होतं दौंडच्या अनिस शेखनं. हुशार, पण भारी घायकुत्या माणूस. त्याची एक खोड होती. काही दुरुस्त करायचं झालं की आहे ते पाडायचं आणि त्याच नावानं नवीन बांधायचं. डागडुजी त्याच्या स्वभावातच नव्हती. रुपालीला त्यानं शेजारी बसवून काम शिकवलं, कधी आवाज चढवला नाही. पुढं त्याला दुबईची नोकरी लागली आणि ती काचेची खोली रुपालीवर आली.

त्या खोलीतल्या डेटाबेसात शेकड्यांनी गोष्टी होत्या. माहिती ठेवायची टेबलं होती. त्या टेबलांतलं हवं तेवढंच दाखवणारे व्ह्यू होते. व्ह्यू म्हणजे नुसती खिडकी, तिच्यात स्वतःचं काही साठवलेलं नसतं. आणि रोजची कामं कशी करायची ते लिहून ठेवलेल्या प्रोसिजर होत्या. ही सगळी एकमेकांच्या जिवावर चालतात. प्रोसिजर खिडकीतून बघते, खिडकी टेबलाकडं उघडते. मधलं एक काढलं, तर त्याच्या जिवावर उभं असलेलं दुसरं पडतं.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर नवा सर्व्हर यायचा ठरला. ईडीपीचे साहेब म्हणाले, "नव्या घरात जुनी अडगळ न्यायची नाही. जे कुणी वापरत नाही ते सगळं काढून टाक." हे काम रुपालीला आवडलं. एखादी गोष्ट काढण्याआधी तिच्यावर कोण कोण अवलंबून आहे, हे विचारायची एक कमांड असते. नाव द्यायचं, ती उत्तर देते. रुपालीनं पालेभाजी निवडावी तशी एकेक गोष्ट हातात घेतली. कुणाचं नाव निघालं की ठेवून द्यायची. 'यावर कोणीही अवलंबून नाही' असं उत्तर आलं की बाजूला काढायची आणि साहेबांना दाखवायची.

अशी एक खिडकी तिला सापडली. अनिसनं नाव ठेवलेलं तीन अक्षरं आणि एक आकडा. नावावरून काही बोध होईल तर शपथ. कमांडला विचारलं. उत्तर आलं, कोणीही नाही. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

"मग ठेवतेस कशाला?" साहेब म्हणाले. "काढ."

तिनं काढली. नवा सर्व्हर आला, सगळं झपाझप चालू लागलं. गेटवरच्या रांगा कमी झाल्या. साहेबांनी पेढे वाटले आणि पहिला पेढा रुपालीला दिला. तिनं तो रुमालात बांधून घरी आणला. सासूला, वच्छलाबाईंना, सुनेचा फार अभिमान. अर्धा पेढा त्यांनी देवापुढं ठेवला आणि अर्धा शेजारणीला दाखवून मग खाल्ला.

त्यानंतर थंडी सरता सरता रविराजचं तोंड बेचव झालं. जिभेवर पैसा ठेवल्यासारखं वाटतं म्हणाला. पोटात कळा येऊ लागल्या, शौचाला होईना. वच्छलाबाईंनी कॅन्टीनला शिव्या दिल्या. कंपनी शिशाच्या पुडीवर उतारा म्हणून कामगारांना गूळ वाटायची. त्यानं गूळ वाढवला. शिरूरच्या डॉक्टरांनी आधी गॅस सांगितला, मग अल्सर, मग कावीळ असेल म्हणाले. गोळ्यांचा ढीग झाला. माणूस पांढराफटक पडत चालला. बसमध्ये तो आता खिडकीला डोकं टेकून बसायचा, आणि घरी भाकरी करपली एवढ्यावरून ताट भिरकावायचा. ताट भिरकावणारा हा रविराज रुपालीनं कधी पाहिला नव्हता. ती घाबरली, आणि घाबरल्याचं कुणाला दिसू दिलं नाही.

सासरे तात्याबा कमी बोलणारे. पण एक दिवस गोठ्यातून येऊन तेच म्हणाले, "पोरी, त्या शिशाचं तर न्हाई ना काय? कंपनीत रगात तपासत्यात म्हनं."

"न्हाई मामा," रुपाली म्हणाली. "रगात जास्ती निघालं आसतं तर पॅकिंगची चिठ्ठी आली आसती. ती चिठ्ठी माझ्याच मशीनमधनं निघती की."

"मंग बरं," तात्याबा म्हणाले. त्यांचा पोरापेक्षाही सुनेच्या शिक्षणावर जास्त विश्वास. रविराजनंही मान हलवली. चिठ्ठी रोज पेस्टिंगचीच येत होती, म्हणजे रक्त चांगलंच असणार. घरात कंप्युटरवाली असताना आणखी कुणाला विचारायचं? शिशाचा विषय तिथंच संपला. तो काढणारा माणूस बरोबर होता आणि मिटवणारी चुकली होती. पण हे त्या वेळी कुणाला कळणार?

उन्हाळ्यात एका सकाळी रविराज गाईखाली धार काढायला बसला आणि चरवी हातातून सुटली. दूध सांडलं म्हणून वच्छलाबाई ओरडत आल्या. तो उजव्या हाताकडं बघत बसला होता. पंजा मनगटातून खाली लोंबत होता. "वर व्हईना," तो म्हणाला. "आये, हात वर व्हईना गं." त्यानं दुसऱ्या हातानं तो उचलला, सोडला. पंजा पुन्हा खाली पडला.

तेव्हा मग पुणं गाठलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी हात बघितला, मग ओठ वर करून हिरड्या बघितल्या. हिरडीच्या कडेला निळसर रेघ होती. त्यांनी विचारलं, "काम काय करता?" बॅटरीची कंपनी म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्यांचा आवाजच बदलला होता.

"शिसं आहे. आणि आजचं नाही, कित्येक महिन्यांचं आहे. कंपनी रक्त तपासत नाही का?"

"तपासत्यात," रविराज म्हणाला.

"मग तुम्हाला तिथून हलवलं का नाही?"

"चिठ्ठीच न्हाई आली, म्याडम."

रुपाली शेजारच्या स्टुलावर बसली होती. डॉक्टरीणबाई पुढं औषधांचं सांगत होत्या, शिसं अंगातून काढायची सुई आहे म्हणत होत्या, हात थोडाफार येईल पण पूर्ण येईल असं सांगता येत नाही म्हणत होत्या. रुपालीला ते ऐकू येत होतं. पण डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. रक्तात एवढं शिसं, आणि चिठ्ठी नाही. हे होऊच कसं शकतं?

रविराजला घरी तात्याबांच्या हवाली करून दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. आधी कंपनीच्या दवाखान्यात. तिथल्या कारकुनानं सांगितलं, रिपोर्ट वेळेवर येतात, आकडे त्याच दिवशी कंप्युटरला घातले जातात. रविराजचेही घातले होते, आणि ते मर्यादेच्या कितीतरी वर होते. "तुम्हाला काही वाटलं नाही?" तिनं विचारलं. कारकून बिचारा बावरला. "मॅडम, आपलं काम घालायचं. हलवायचं काम मशीनचं ना?" त्याच्यावर ओरडावं असं तिला वाटलं. पण ओरडायला तोंड कुठं होतं? तात्याबांना तिनं तरी दुसरं काय सांगितलं होतं!

काचेच्या खोलीत येऊन ती उलट्या दिशेनं निघाली. चिठ्ठी छापणारी प्रोसिजर कुठून वाचते? अमुक टेबलातून. त्या टेबलात 'पॅकिंग' असं कोण लिहितं? रोज पहाटे पहिल्या पाळीआधी चालणारं एक काम. त्या कामाच्या दोन पायऱ्या. पहिलीत रक्त जास्त असलेल्यांची नावं काढून त्यांच्यापुढं पॅकिंग लिहायचं, दुसरीत चिठ्ठ्यांची तयारी. काम रोज व्यवस्थित झाल्याची हिरवी खूण होती. एकही दिवस चुकला नव्हता. तिला हायसं वाटलं. मग तिनं पहिल्या पायरीची प्रोसिजर उघडून ओळीनं वाचली. आणि मधोमध ती तीन अक्षरं आणि तो आकडा दिसला.

ती खिडकी तिनंच काढली होती. पेढे वाटले त्याच्या आदल्या आठवड्यात.

तिनं पुन्हा कमांडला विचारावं म्हटलं, तर विचारायला ती खिडकीच उरली नव्हती. मग तिनं अनिसच्या दौंडच्या घरून नंबर मिळवला आणि शिरूरफाट्यावरच्या बूथमधून दुबईला फोन लावला. सगळं ऐकून अनिस सांगू लागला.

"रुपालीताई, ती खिडकी मी मागाहून पाडून परत बांधली होती. त्याच नावानं. कोण कुणावर अवलंबून आहे, याची नोंद प्रोसिजर लिहिली जाते तेव्हाच होते. खिडकी पाडली की नोंद पुसली जाते. पुन्हा बांधली की काम सुरू होतं, पण नोंद परत येत नाही."

म्हणजे रेशनकार्डासारखं झालं. कार्डावर नाव नाही म्हणून माणूस घरात जेवत नाही असं थोडंच असतं? कमांड कार्ड बघून बोलत होती, घरात डोकावून नाही.

"पण काम फसलं तर लाल खूण यायला नको?" रुपालीनं विचारलं.

"पहिली पायरी फसली तर तसंच दुसरीवर जा, असं मीच ठेवलं होतं ताई. दुसरी जमली की खूण हिरवीच. दवाखान्याची माहिती कधी उशिरा यायची. गेटवर माणसं खोळंबायची. युनियनवाले माझ्या अंगावर यायचे." मग त्यानं विचारलं, "पेस्टिंगच्या लाईनवर कोण आहे?"

"रविराज," ती म्हणाली.

"या अल्ला," अनिस म्हणाला.

खोलीत परत येऊन तिनं कुणालाच विचारलं नाही. बॅकअपच्या जुन्या टेपवरून ती खिडकी परत मिळवली, जागेवर बसवली. मग पहिल्या पायरीची प्रोसिजर पुसून नव्यानं लिहिली, म्हणजे नोंद होईल. कमांडला विचारलं. आता उत्तरात नाव आलं. ते नाव पाहून ती टेबलावर डोकं टेकवून रडली. काचेच्या खोलीत रडलेलं सगळ्यांना दिसतं, पण त्याचं तिला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला गेटवर चिठ्ठ्या निघू लागल्या. पॅकिंग. पॅकिंग. पुन्हा पॅकिंग. माणसं चिठ्ठ्या उलट्यासुलट्या करून बघत होती. पॅकिंगमध्ये बसायला जागा पुरेना आणि पेस्टिंगची लाईन अर्धी ओस पडली. प्रॉडक्शनचे साहेब तणतणत काचेच्या खोलीत आले, बूट न काढता.

"ये क्या लगा रखा है? माल आज जाना है!"

ईडीपीच्या साहेबांनी त्यांना शांत केलं आणि रुपालीला कोपऱ्यात नेलं. ते वाईट माणूस नव्हते, हीच तर पंचाईत. "आठवडाभर हे बंद ठेव," ते हळू आवाजात म्हणाले. "माल जाऊ दे, मग बघू. आणि कुणी विचारलं तर सांगायचं, तांत्रिक बिघाड. तू कमांडला विचारलं होतंस, कमांड नाही म्हणाली. तुझ्यावर काही येत नाही. माझ्यावरही येत नाही."

"सर, माझा नवरा आहे त्यात."

"माहीत आहे मला. म्हणून तर तुला वाचवतोय."

"मला वाचवून काय करू सर?" ती म्हणाली. "बंद करायचं तर तुम्ही करा. मी हात लावणार नाही."

साहेबांनीही लावला नाही. चिठ्ठ्या तोवर माणसांच्या हातात गेल्या होत्या, आणि हातातली चिठ्ठी परत घ्यायची हिंमत त्या कंपनीत कुणाची नव्हती.

संध्याकाळी रविराजचा लाईनवरचा सोबती शंभू घरी आला. रविराज ओसरीवर बसून होता. दवाखान्याच्या सुया सुरू झाल्या होत्या. शंभूला बातमी सांगायची कोण घाई. "आरं, आज निम्म्या लाईनला पॅकिंग! मला बी निघाली. माझं बी पोट दुखत व्हतंच म्हना. येवढे दिस ते मशीन झोपलं व्हतं का काय, कुनाला ठावं." चहा पिऊन, रविराजच्या पाठीवर हात ठेवून तो गेला. वच्छलाबाई कपबशा घेऊन आत गेल्या.

रविराजनं रुपालीकडं बघितलं. "काय झालं व्हतं मशीनला?"

तांत्रिक बिघाड. साहेबांनी शब्द तयार करूनच दिले होते, आणि ते खोटेही नव्हते. रुपाली त्याच्यासमोर खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. खिडकी काय, ती कुणी काढली, कधी काढली, पेढा कशाचा होता. तात्याबांना आपण काय म्हणालो होतो तेही सांगितलं. सांगताना तिनं एकदाही त्याच्या हाताकडं बघितलं नाही.

मग त्यानं विचारलं, "काढायच्या आदी बघितलं न्हवतंस?"

"बघितलं व्हतं. इचारलं व्हतं त्याला. ह्याच्या जिवावर कुनी हाय का म्हनून."

"मंग? काय म्हनलं ते?"

"कुनीच न्हाई म्हनलं."

आतून कपबशा विसळल्याचा आवाज येत होता. रविराजनं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. तो चिडला नाही. ताट भिरकावणारा माणूस त्या वेळी ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो अगदी साध्या आवाजात म्हणाला,

"मी व्हतो की."